द्वारका गांगुर्डेची जुळी

पत्र आलं तेव्हा द्वारका गांगुर्डे भांडायला कुणीतरी मिळावं म्हणून दारात बसली होती. पण गल्लीत तिच्याशी आता भांडायलाही कुणी येत नव्हतं. मागच्या हंगामापर्यंत याच दारात बायकांची रीघ असायची. कुणाचा खाडा लावला, कुणाला सुपरवायझर वेडंवाकडं बोलला, की आधी द्वारकाताईकडे. मधुघड एक्स्पोर्ट्सच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेची ती पुढारी. होती म्हणायचं की आहे, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. पदावरून तिला कुणी काढलं नव्हतं आणि बैठकीला कुणी बोलावतही नव्हतं.

पत्र इस्पितळाचं होतं. जाड गुळगुळीत कागद, वर हिरवं पान, खाली कुणातरी संचालकाची छापील सही.

"आदरणीय आरोग्यसदस्य, आपल्या माहितीच्या सुरक्षिततेला आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो. कळविण्यास खेद होतो की, गतवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या संगणक प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाला असून, आपल्या प्रतिकायेची नक्कल बाहेर गेली असल्याची शक्यता नाकारता येत नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही. खबरदारीचा उपाय म्हणून आपण आपला पासवर्ड तातडीने बदलावा."

"पासवर्ड!" द्वारका मोठ्यांदा म्हणाली. समोरच्या ओट्यावर गहू निवडणारी बाई दचकली आणि मान फिरवून आत निघून गेली.

प्रतिकाया म्हणजे काय, हे द्वारकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिच्या पायाची जखम भरेना, तेव्हा इस्पितळाने सरकारी योजनेतून तिची प्रतिकाया बनवली होती. रक्त घेतलं, लघवी घेतली, डोक्यापासून टाचेपर्यंत चित्रं काढली. दंडावर एक चकती चिकटवली. ती तेव्हापासून तिच्या रक्तातली साखर क्षणाक्षणाला मोजून फोनवर कळवत राहिली. आतड्यातल्या जिवाणूंपासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत सगळं एका गणितात ओतलं आणि संगणकात दुसरी द्वारका उभी राहिली. तिला तोंड नव्हतं, पण यकृत होतं. तिला भूक लागत होती, थंडी वाजत होती, तिची साखर चढत-उतरत होती आणि ती बरोबर द्वारकासारखीच. डॉक्टर आधी तिला औषध द्यायचे. खऱ्या बाईवर तीन महिन्यांत जे घडेल, ते या बाईवर चहा पिऊन होईपर्यंत घडून जायचं. इन्सुलिनचा चुकलेला डोस आधी तिलाच बाधायचा. इस्पितळातल्या बाया तिला जुळी म्हणायच्या. खोटं कशाला बोला, त्या जुळीमुळेच द्वारकाचा पाय वाचला होता.

आता ती जुळी चोरीला गेली होती. घरातला टीव्ही गेला तर माणूस नवा आणतो. द्वारकाने मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" आवाज बाईचा होता. खऱ्या की बनवलेल्या, ते कळायला मार्ग नव्हता.

"पासवर्ड बदलून माझं काय शरीर बदलणारे का गं?"

"आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

"गैरसोय? माझं काळीज, माझी आतडी कुणीतरी उचलून नेली आणि वर्षभराने सांगताय? एवढे दिवस काय हजामत करत होता?"

"कृपया भाषा जपून वापरा. कॉल नोंदवला जात आहे."

"नोंदव. सगळंच तर नोंदवलंय तुम्ही. ते चोरून नेणारा त्याचं करणार काय, तेवढं सांग."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग बहुधा समोर लिहिलेलंच ती वाचू लागली. "सामान्यतः अशा नकलांचा वापर विमा कंपन्या किंवा संशोधनसंस्था करू शकतात. प्रतिकायेवर उपवास, तापमान, झोप न मिळणे, मानसिक ताण अशा परिस्थितींचे परिणाम आधी तपासून पाहता येतात. त्यावरून संबंधित व्यक्ती कोणत्या वेळी..."

"थांब," द्वारका म्हणाली. "उपवास आणि थंडी म्हणालीस?"

"हो."

द्वारका ओट्यावर बसली. मागच्या संक्रांतीच्या आधीची ती बैठक तिला आठवली. आठवायला ती विसरली तरी कुठे होती!

तेव्हा मधुघडने नवा धंदा सुरू केला होता. द्राक्षं नुसती थंड करून नव्हे, तर गोठवून परदेशी पाठवायची. त्यासाठी उभारलेल्या गोठणखोलीत शून्याच्याही बरीच खाली थंडी. तिथे घड हाताळायला यंत्रं आणली होती, पण ती सारखी अडकायची. यंत्र बिघडलं की बिल येतं, बाई बिघडली की दुसरी येते. म्हणून बायका. संघटनेची मागणी सरळ होती: तासाभराच्या आत प्रत्येक बाई बाहेर आली पाहिजे आणि हात उबेला ठेवल्याशिवाय परत आत जाणार नाही. एवढी एक अट. तीच मान्य करून घ्यायला द्वारका मालकाच्या कार्यालयात गेली होती.

संघटनेचा एक नेम होता. बोलणीला बसलेल्या बाईने मालकाकडचं काही खायचं नाही. चहा नाही, बिस्किट नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याला नाही म्हणताना जीभ अडखळते, असं पहिल्या संपातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, आणि त्यांनी एकीला पोह्यांच्या बशीवर फितलेली पाहिली होती. द्वारका तो नेम कडक पाळायची. पुढेपुढे तर तिने तो आणखी ताणला. बोलणीला बसल्यापासून उठेपर्यंत घरचंही शिवायचं नाही, असं तिनेच आपल्या तोऱ्यात सुरू केलं. बायका कौतुकाने बघायच्या, तिलाही ते आवडायचं. शुगरची बाई आणि उपाशी बसते, काय छाती आहे!

त्या दिवशी सकाळी इन्सुलिन घेऊन, नेहमीसारखी घासभर खाऊन ती गेली. फोन दारातल्या टोपलीत ठेवायला लावले. बैठक लांबली. आधी मालक उशिरा आले, मग कागद सापडेना, मग जेवणाची सुट्टी झाली आणि ते जेवले, ही बसून राहिली. खोलीतला एसी बाहेरच्या थंडीतही चालू होता. दुपार कलली. तोवर ताठ बसलेल्या द्वारकाला मग सगळंच जरा लांबून दिसायला लागलं. समोरचा माणूस गोड बोलत होता. तासाऐवजी चार तास लिहिलंय, पण ते नुसतं कागदावर आहे, ताई, आपण घरचीच माणसं. बरोबरच तर म्हणतोय, असं तिला वाटलं. तिने सही केली. बाहेर टोपलीतला फोन साखर उतरल्याची बोंब मारून मारून गप्प झाला होता.

साखर खाली गेली की माणूस लगेच कोसळतो असं नाही. आधी मेंदूचा पुढचा भाग मंदावतो. तोलून बघणं, संशय घेणं, नाही म्हणणं, ही कामं तो करतो. तोंड बोलत राहतं, हात लिहीत राहतो, आतला राखणदार मात्र डुलकी घेतो. वर्षानुवर्षं साखरेचा आजार असलेल्यांना त्याआधी घाम, थरथर अशी सूचनाही मिळेनाशी होते. द्वारकाला मिळत नव्हती. जुळीलाही मिळत नव्हती. आणि जुळी दिवाळीतच चोरीला गेली होती.

"हॅलो? आपण आहात ना?" फोनमधली बाई विचारत होती. "या प्रकरणात इस्पितळ आपल्याला एक वर्षाची पहारा सेवा मोफत देत आहे. प्रतिकाया चालवायला साधा संगणक पुरत नाही. देशात मोजकीच गणनघरं आहेत, तिथे वेळ भाड्याने घ्यावा लागतो. आपली नक्कल कुठेही चालू झाली, की त्याच क्षणी आपल्या फोनवर सूचना येईल."

"म्हणजे तुम्ही ती बंद कराल?"

"बंद करण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. आम्ही कळवू शकतो."

"चोर घरात शिरला की मला हाक मारणार, पण दार लावणार नाही. वा गं वा! दे तुझी सेवा."

तिने उत्तरही लिहिलं. पत्राला उत्तर द्यायची जागाच नव्हती, तरी त्याच कागदाच्या मागे लिहिलं: "तुमचा खेद माझ्या काही उपयोगाचा नाही. माझी जुळी तुम्ही माझ्या पायासाठी बनवली होती. तिला सांभाळायची अक्कल नव्हती तर बनवायची नव्हती. माझ्या भावजयीची बोटं कुणाच्या खात्यात लिहू ते कळवा." आणि ते रजिस्टर करून पाठवून दिलं. त्याची पोच आली, उत्तर कधीच आलं नाही.

भावजयीचं नाव हिरा. द्वारकाच्या धाकट्या भावाची बायको. चार तासांच्या त्या करारानंतर महिन्याभरात, ओल्या हातमोज्यांनी गोठणखोलीत काम करताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली आणि सरकारी दवाखान्यात कापावी लागली. तेव्हापासून तिने नणंदेचं नाव टाकलं होतं. ती तिला आक्का म्हणायची, आता द्वारकाबाई म्हणत होती, आणि तेही दुसऱ्यांशी बोलताना.

द्वारका पत्र घेऊन तिच्याकडे गेली. हिरा डाव्या हाताने भाकरी थापत होती. भाकरी वाकडी होत होती आणि तिचा राग आणखी वाढत होता.

"वाच," द्वारका म्हणाली.

"मला काय वाचायचं? तूच सांग."

द्वारकाने सांगितलं. जुळी, चोरी, साखर, एसी, सगळं. हिराने भाकरी तव्यावर टाकली आणि मगच वर बघितलं.

"म्हणजे तुझी साखर कमी झाली म्हणून तू सही केलीस?"

"त्यांनी केली कमी. मोजून केली."

"आणि माझी बोटं? ती काय साखरेची होती, विरघळून जायला?" हिराचा आवाज चढला. "उपाशी बसायला तुला कुणी सांगितलं होतं? मिरवायचं होतं ना तुला! सगळ्या बायांनी म्हणावं, बघा, द्वारकाताई उपाशी बसली! आता विकली गेलीस ती गेलीस, वर कंप्युटरचं निमित्त सांगायला लाज नाय वाटत?"

"विकली नाही गं मी, हिरा! देवाशपथ नाही!"

"मग पुरावा आण. नायतर ऊठ. माझी भाकरी करपती."

द्वारका उठली. चीड कुणाची करावी तेच तिला कळेना. हिरा चुकीचं बोलत होती आणि त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून ते जास्त झोंबलं. रस्त्यात ती रडली. पदराने तोंड पुसलं आणि तीन शिव्या मोठ्याने दिल्या, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

हंगाम तोंडावर आला. जुना करार संपत होता आणि कंपनीने कळवलं, नोंदणी झालेली प्रतिनिधी द्वारका गांगुर्डे, बोलणी फक्त तिच्याशीच होतील. बायकांचा निरुपाय झाला. त्यांनी एक अट घातली: द्वारकाबाईच्या शेजारी हिरा बसेल आणि हिराने बघितल्याशिवाय सही होणार नाही. द्वारकाला तो अपमान गिळावा लागला.

कार्यालयाच्या दारात टोपली घेऊन शिपाई उभा होता.

"फोन माझ्याजवळ राहील," द्वारका म्हणाली. "साखर बघावी लागते. डॉक्टरांचं पत्र आहे. टोपलीत मालकाला बसव."

आत मालक उत्तमशेठ होते. गोल चेहरा, कपाळाला अष्टगंध, आवाजात सतत लग्नातल्या यजमानाची अगत्यशीलता. शेजारी त्यांचा सल्लागार, निहार सबनीस. मागच्या वेळी गोड बोलणारा तो हाच. तिशीचा, स्वच्छ, पातळ काचेची पाटी समोर उभी करून बसलेला. मोठमोठ्या कंपन्यांची बोलणी करून देणं हा त्याचा धंदा.

"या, द्वारकाताई! हिरावहिनी, हात कसा आहे आता?" उत्तमशेठ म्हणाले.

"जागेवर नाय," हिरा म्हणाली.

चहा आला. दोघींनी कप सरकवून दिले. मग द्वारकाने पिशवीतून आपला डबा काढला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचा लाडू. उपाशी बसायचा आपला जादा नेम तिने त्या दिवशी मोडला. मीठ मालकाचं खायचं नव्हतं, तेवढाच मूळ नेम होता. तिने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. सबनीसने पाटीवर काहीतरी टाइप केलं.

तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

तिने खाली बघितलं. "आपली प्रतिकाया आता चालू आहे." एवढीच ओळ होती. तिच्या कानशिलाशी रक्त उसळलं. शेजारी हिराला तिने कोपराने ढोसलं आणि फोन दाखवला. हिराने ओठ मुडपले. योगायोग असेल, असं तिच्या डोळ्यांत होतं.

"बरं, तासाची अट," उत्तमशेठ म्हणाले, "ती काय आम्हाला परवडत नाही, ताई."

 द्वारका थोडा वेळ पुतळ्यासारखी बसली. फोन शांत. मग तिने लाडू उचलला, सबनीसला दिसेल असा, आणि खाल्ला. सबनीसची बोटं पाटीवर फिरली. फोन थरथरला. तिने पाणी प्यायलं, बाटलीतून, घरचं. बोटं फिरली, फोन थरथरला. तिने उगाचच हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "मला जरा गरगरतंय." सबनीस पटकन वाकून लिहू लागला. फोन असा थरथरत राहिला की हिरालाही आता त्याचा आवाज ऐकू येत होता.

हिराचा चेहरा हळूहळू बदलला. ती सबनीसच्या बोटांकडे बघत होती. लांब, पुरी, दहाच्या दहा बोटं.

"हा... हा काय करतोय?" ती म्हणाली. "आक्का, हा तुला बघतोय त्यात?"

वर्षभरात पहिल्यांदा तिने आक्का म्हटलं होतं.

द्वारका उठली. फोन टेबलावर आपटला, पडदा वर करून. "माझी जुळी आहे या हरामखोराच्या पाटीत! मी घास खाल्ला की तिला भरवतो आणि बघतो, आता मी किती वेळाने ढिली पडेन. मागच्या सालीही हेच केलंत. उपाशी बसवून, गारठवून, माझी अक्कल झोपली की कागद पुढे केलात. बोला ना आता! घरचीच माणसं ना आपण?"

"ताई, गैरसमज होतोय," सबनीस म्हणाला. त्याने पाटी आडवी केली. "आम्ही फक्त एक विश्लेषण..."

फोन पुन्हा थरथरला. आडव्या पाटीवरही जुळी चालूच होती. सबनीसने घाईघाईने ती बंद केली आणि लगेच फोनवर दुसरी ओळ आली: "आपली प्रतिकाया आता बंद आहे."

हिरा खुर्ची मागे लोटून उभी राहिली. ती टेबलाला वळसा घालून सबनीसकडे निघाली होती, द्वारकाने तिचा दंड धरला.

"सोड मला. त्याची बोटं मोडते."

"आधी कागद होऊ दे."

उत्तमशेठच्या आवाजातलं अगत्य मावळलं होतं. ते सबनीसकडे बघत होते तेही काही प्रेमाने नव्हे. परदेशी खरेदीदारांना ही बातमी लागली तर एक कंटेनर बंदरातून हलणार नव्हता. तिकडे चोरीच्या प्रतिकायेचा वापर म्हणजे माणूस पळवण्याइतका मोठा गुन्हा. त्यांनी शिपायाला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि यजमानपण गुंडाळून सरळ धंद्यावर आले.

"काय पाहिजे ते सांगा."

"तासाची अट. उबेची खोली. बोटं गेलेल्या बाईला बाहेरचं काम, पगार तोच. आणि हे सगळं आज, आत्ता."

"देतो." ते इतक्या पटकन म्हणाले की द्वारकाच चमकली. "पण एक कागद तुम्हीही द्या. तुमच्या प्रतिकायेचा वापर आम्ही तुमच्या संमतीने केला, मागच्या वर्षीपासून, आणि पुढेही करू शकतो. पोलिसात जायचं नाही, खरेदीदारांकडे जायचं नाही."

"म्हणजे माझी जुळी तुमच्या नावावर करू?"

"तुमच्या बायकांच्या हातांच्या बदल्यात."

हिराने तिला कोपऱ्यात ओढलं. "काय विचार करतीस? फोनात पुरावा आहे. मी साक्षीला आहे. जेलात घाल दोघांना!"

"घालता येईल. केस उभी राहायला किती वर्षं जातील?"

"जाऊ देत!"

"गोठणखोली सोमवारी चालू होते, हिरा. सोमवारी आत कोण जाणार? तुझ्या शेजारची लता. तिची लेक. कोर्टात तारीख पडेपर्यंत त्यांनी चार-चार तास आत राहायचं?"

"आणि माझ्या बोटांचं काय? ज्यांनी घालवली त्यांना सोडणार तू?"

 द्वारकाला स्वतःलाच सबनीसचं नरडं धरावंसं वाटत होतं. शरीर म्हणजे शेवटी माणसाचं तेवढंच तर स्वतःचं असतं. घर भाड्याचं, काम मालकाचं. ते आपल्या हाताने लिहून द्यायचं! आजवर तिने दुसऱ्यांच्या मागण्यांसाठी भांडताना आपलं काही द्यावं लागेल असा विचार केला नव्हता. उपाशी बसणं म्हणजे देणं, असंच तिला वाटायचं. ते मिरवणं होतं, हिरा म्हणाली ते खोटं नव्हतं.

"सोडते," ती म्हणाली. "तू मला हवं ते म्हण."

हिराने तिचा हात झटकला.

आधी कंपनीच्या सह्या झाल्या. हिराने कराराची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, दोनदा वाचली, तासाचा शब्द कुठे चार तासांचा झाला नाही ना ते बघितलं. मगच द्वारकाने संमतीच्या कागदावर सही केली. पेन खाली न ठेवताच तिने आणखी एक कागद मागून घेतला, कोरा. उभ्या-उभ्याच चार ओळी लिहिल्या.

"हे काय?" उत्तमशेठ म्हणाले.

"राजीनामा. आजपासून मी संघटनेची कुणी नाही. यापुढे या टेबलावर मी बसणार नाही. ठेवा आता जुळी आणि तिला रोज उपाशी मारा. ती कधी सही करते ते बघत बसा."

सबनीसने कागदाकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. वर्षभर ज्या बाईच्या नसानसांचा हिशोब त्याने मांडला होता, ती बाई आता कुणाच्या कामाची राहिली नव्हती. उत्तमशेठ फोन कानाला लावून बाहेर गेले. हिरा करार छातीशी धरून, नणंदेकडे न बघता, जिना उतरून गेली. खाली आवारात बायका थांबल्या होत्या.

द्वारका डबा पिशवीत भरत होती. सबनीस तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"तुम्हाला वाटतं तुम्ही जिंकलात," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तुमची प्रतिकाया पुढे पळवून बघितलीय. पाच वर्षं, दहा वर्षं. ती कुठे थांबते ते मला माहीत आहे. कशाने थांबते तेही. सांगू?"

द्वारकाचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. तिला भीती वाटली. क्षणभर विचारावंसंही वाटलं, तेवढं तिने स्वतःशी कबूल केलं. मग तिने झाकण दाबून लावलं.

"नको. ते तूच ठेव," ती म्हणाली. "मी रोज सकाळी उठून चहा करेन, नातवाला शाळेत सोडेन, मला काही माहीत नसेल. तुला माहीत आहे. माझं मरण तू डोक्यात घेऊन हिंड. आणि एक सांगते, ते डॉक्टरला माहीत असतं तर त्याने मला वाचवायचा उपाय शोधला असता. तुला कळलं आणि तू धमकी शोधलीस. तुझ्या आईने काय पाप केलं होतं रे!"

 ती बाहेर पडली.

आवारात बायकांचा घोळका होता आणि मध्ये उलट्या क्रेटवर हिरा उभी राहून करार वाचत होती. मध्ये कुणी बोललं की ती शिवी हासडत होती आणि पुन्हा वरच्या ओळीपासून सुरू करत होती. तासाची अट वाचली तेव्हा बायका ओरडल्या. उबेची खोली म्हटल्यावर लताने कुणाला तरी मिठी मारली. द्वारका मागे भिंतीशी उभी राहिली. अशा वेळी ती नेहमी त्या क्रेटवर असायची.

"पण हे मिळालं कसं?" कुणीतरी विचारलं.

हिराने घोळक्यावरून मागे, भिंतीकडे बघितलं. मग तिने सगळं सांगितलं. जुळीचं, पाटीचं, फोनचं, संमतीच्या कागदाचं, राजीनाम्याचं. "त्या दोघांना तिने सोडलं," ती म्हणाली. "ते मला पटलेलं नाय आणि कधी पटणार नाय. पण ती विकली गेली नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिला विकलेली म्हणणाऱ्यांत मी पहिली होते, आता कुणी म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे."

बायका वळून द्वारकाकडे बघू लागल्या. एक-दोघी तिच्या दिशेने सरकल्याही. "मग राजीनामा कशाला?" लता म्हणाली. "ताईच बसू देत की पुढच्या साली!"

"डोकं आहे का तुला?" हिरा कडाडली. "तिची नस न् नस त्यांच्याकडे आहे. पुढच्या साली कोण बसणार ते कुणालाच कळता कामा नये, आपल्यालाही नाय. त्याच दिवशी, याच दारात, चिठ्ठ्या टाकायच्या. जिची निघेल ती वर जाईल. पोटभर जेवून जाईल. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. हिराने आपलाही उजवा हात वर केला, उरलेल्या बोटांसकट. द्वारकाने भिंतीशी उभ्या-उभ्या हात वर केला.

"सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या," हिरा म्हणाली.  "फक्त द्वारका गांगुर्डेची टाकायची नाय. हेही मंजूर असेल त्यांनी हात वरच ठेवा."

द्वारकाचे डोळे भरून आले. तिने हात खाली घेतला नाही.